हम्दीचा बिल्ला

भोंगा वाजला की आमच्या गल्लीतले लोक आग कुठे लागली हे विचारत नाहीत. शेजारच्या गल्लीचं दल निघालं का, हे आधी विचारतात. नदीवर वसलेल्या आमच्या या बांजारमासीन शहरात घरं लाकडाची, रस्तेही लाकडी फळ्यांचे, खाली नदीचं पाणी आणि वर घरोघरी तेलाच्या कढया. आगी लागणारच. त्या विझवायला प्रत्येक मोहल्ल्याचं स्वतःचं दल आहे. पगार कुणाला नाही. मिळते ती इज्जत, आणि तीही ज्याच्या पाइपातून पहिलं पाणी उडालं त्याला. बाकीचे भिजून घरी येतात आणि बायकोची बोलणी खातात.

आमच्या दलाच्या शेडला चिकटूनच माझी टपरी आहे. चहा, तळलेली केळी, बटाट्याची गोड बिंगका. सगळे मला आचिल म्हणतात, म्हणजे मावशी, आणि मावशीकडे करावी तशी उधारीही करतात. आग विझवून आलं की पोरं आधी माझ्याकडे येतात, मग घरी जातात. दलात कोण शूर, कोण नुसता तोंडाळ आणि कोण पाइप धरायच्या वेळी लघवीला जातो, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त माहीत आहे.

आणि मस्रानी घाबरतो, हेही मला माहीत होतं.

मस्रानी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. चाळिशीकडे झुकलेला, उंच, कमी बोलणारा. नदीकाठी उघड्यावर बसून काम करतो आणि पाऊस आला तरी छपराखाली यायला वेळ लावतो. माझ्या टपरीत नेहमी कडेच्या बाकावर, नदीकडे तोंड करून बसायचा. एकदा म्हटलं, बाबा, आतून साखरेचा डबा आण. स्वयंपाकाची माझी खोली अरुंद, खिडकी नाही. तो दारापर्यंत गेला, तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, "आचिल, मी बिनसाखरेचाच पितो." घरीसुद्धा तो ओसरीवर झोपतो. बायको म्हणते उकडतं म्हणून. तेही खरं असेल, इथे कुणाला उकडत नाही?

पण त्याचं हे कुणाला दिसत नव्हतं, कारण दलाच्या गाडीवर समोरच सोनेरी अक्षरांत त्याच्या मोठ्या भावाचं नाव होतं. हम्दी.

हम्दी गेला ती आग बाजारामागच्या गाद्यांच्या दुकानाला लागली होती. भरदुपारची वेळ. निम्म्या शहराची दलं आली होती, पाइपांत पाइप अडकले होते, कोण कुठल्या दाराने आत जातोय याचा कुणाला पत्ता नव्हता. आग विझली. पोरं आली, चहा मागू लागली. हम्दीचा चहा मी वेगळा करायचे, घट्ट दूध घालून. तो केला आणि वर बशी झाकून ठेवली.

"हम्दी कुठाय रे?" मी विचारलं.

"येईल की. दुसऱ्या दलाच्या गाडीवर बसला असेल."

आमच्याकडे हे चालतंच. येताना जी गाडी मिळेल तिच्यावर चढायचं. मी ज्याला ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं, आणि सगळ्यांनी अगदी खात्रीने सांगितलं. संध्याकाळी मगरिबची अजान झाली तेव्हा कुणाला तरी वाटलं की जाऊन बघावं. तो जिन्याखाली सापडला, दारापासून जवळच. आगीने नाही, धुराने गेला होता. म्हणजे वेळ होता. हे मला आजही सहन होत नाही. त्याचा चहा मी नदीत ओतला.

सातव्या दिवशीच्या दुव्याला दलाचे प्रमुख जुम्बेरी उठले. ते या दोघांचे सख्खे मामा. शंभर माणसांसमोर त्यांनी हम्दीचं नोझल, पाइपाचं पितळी तोंड, मस्रानीच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "आता पहिला तू." लोक रडले. मस्रानीची आई हमसाहताई ताठ बसून होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता अभिमान होता. अशा वेळी नाही कोण म्हणणार? मस्रानीने नोझल घेतलं. तेव्हापासून ते त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

प्रत्येक आगीला तो पुढे. सुदैवाने आमच्या आगी बहुतेक बाहेरून विझतात, आत शिरायची वेळ क्वचित येते. तो दारात उभा राहून पाणी मारायचा आणि लोक म्हणायचे, बघा, हम्दीचा भाऊ. परत आला की त्याला माझा ग्लास एका हाताने धरता येत नसे. मी ग्लास अर्धाच भरायला लागले. त्याने ते ओळखलं, मीही ओळखलं, पण दोघंही मूग गिळून बसलो.

मग शहरातून फर्मान आलं. ज्या दलाने प्राथमिक प्रशिक्षण घेतलं नाही त्याची गाडी आगीला जाणार नाही. शिकवायला पाक वार्सितो आले; पाक म्हणजे आमच्याकडे साहेब. सरकारी अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, जावाकडचे, आवाज इतका हळू की पंप बंद करून ऐकावं लागे. आणि प्रत्येक वाक्यात "कृपया".

पहिल्या दिवशी पोरं लुंग्या नेसून आणि पायात रबरी चपला घालून आली. पाक वार्सितोंनी बूट, हातमोजे, हेल्मेट, जाड कोट अशी रांग मांडली.

"पाक, आग विझवायची की लग्नाला जायचं? एवढे कपडे?"

"लुंगी पेटली की आग आणि लग्न दोन्ही राहतं," पाक हळूच म्हणाले. पोरं हसली आणि बूट घालू लागली.

मग त्यांनी पाइप उलगडून दाखवले. घडीवर चिरलेला पाइप कसा ओळखायचा, पाणी सोडल्यावर जोडावर पाय देऊन का उभं राहायचं नाही, नोझल उघडं ठेवून दोरीने बांधलं तर पाइप माणसाला कसा आपटतो. गरम पंपात पेट्रोल ओतायचं नाही, असं ते सांगत होते तेव्हा जुम्बेरीमामा गरम पंपात पेट्रोलच ओतत होते, आणि तोंडात सिगारेट. पाक वार्सितो त्यांच्यापर्यंत गेले, "कृपया" म्हणाले आणि सिगारेट त्यांच्या ओठांतून काढून पाण्यात टाकली. मामांच्या तोंडातून असं काही काढून घ्यायची हिंमत त्यांच्या बायकोनेही कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाठी. माणसाच्या कमरेला बांधायची गाठ ओढली तरी आवळली जाता कामा नये, हे पाक दाखवत होते.

"ही तर बोट बांधायची गाठ!" पोरं ओरडली. नदीवर वाढलेली पोरं, त्यांना काय कठीण?

"उत्तम. आता आपली नको, जोडीदाराच्या कमरेला बांधा."

मस्रानीची जोडी मामांशी होती. मामा घाईचे, नजर भलतीकडे. त्यांनी शेवटचा पदर उलट्या बाजूने घातला आणि गंमत म्हणून दोरी जोरात ओढली. गाठ सरकली आणि आवळली. मस्रानीने सोडवायला बोटं घातली, ती आत जाईनात. मी टपरीतून बघत होते. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने खिशातून चाकू काढला आणि दोरी कापली.

"अरे! कोरी दोरी!" मामा ओरडले. "बोटवाल्याला एवढा धीर नाही?"

सगळे हसले. पाक वार्सितो हसले नाहीत. त्यांनी कापलेले तुकडे उचलले, मस्रानीकडे एकदा पाहिलं आणि पुढची गाठ शिकवायला लागले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पाटी आणली. पाटीवर पितळेचे आकडे, आणि प्रत्येकाच्या नावाचा एक पत्र्याचा बिल्ला.

"आत जाणारा आपला बिल्ला दारावरच्या माणसाला देतो. तो पाटीवर लावतो. बाहेर आलेला माणूस स्वतः येऊन आपला बिल्ला काढून घेतो, दुसरा कुणी नाही. पाटीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. 'आला असेल', 'गेला असेल' असं कृपया दारावर बोलायचं नाही. आणि पाटी रिकामी होईपर्यंत दारावरचा माणूस जागा सोडत नाही. आग विझली तरी, आणि भूक लागली तरी."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. हमसाहताई माझ्या बाकावर बसली होती, तिनेही सुपारी चघळायची थांबवली. गाद्यांच्या दुकानापाशी ही एक पाटी असती, तर? तिच्या मनात हेच आलं असणार.

"दारावर कोण उभं राहील?" पाक वार्सितोंनी विचारलं.

"एखादा म्हातारा द्या बसवून!"

"सायकल स्टँडवाला बोलवा, त्याला सवय आहे बिल्ल्यांची!"

हशा पिकला. मस्रानीचा हात वर जाऊ लागला होता. मी पाहिलं. छातीपर्यंत आला, मग त्याची नजर माझ्या टपरीकडे, आईकडे गेली आणि त्याने त्या हाताने मान खाजवली. मला इतका राग आला की कढईतली केळी करपली.

त्याच वेळी मामांना उमाळा आला. ते म्हणाले, हम्दीचाही बिल्ला करा, लाल अक्षरांत. तो सगळ्यांत वरच्या आकड्यावर कायमचा राहील.

"पाटीवर फक्त कामावरची माणसं असतात," पाक म्हणाले.

"हम्दी आमच्यासाठी कामावरच आहे."

"मग तो नेहमी आतच राहील."

मामांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी बिल्ला करवून आणला आणि कुणी काढू नये म्हणून तारेने आकड्याला पक्का बांधला. पोरांनी सलाम ठोकला.

शेवटच्या दिवशी शाळेमागच्या मैदानावर पत्र्याची खोली उभी केली आणि आत नारळाची ओली सोडणं पेटवली. खिडक्या बंद. मास्क लावून, पाइपावर हात ठेवून, दोघादोघांनी रांगत पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं आणि त्याच पाइपाच्या मागाने परत यायचं. पाटी पाक वार्सितोंच्या हातात. जोड्या गेल्या, खोकत, शिव्या देत परत आल्या. मग मामा आणि मस्रानी. त्या दाराकडे जाताना मस्रानीने मागे वळून नदी कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं.

मामा परत आले. एकटे.

"मस्रानी?" पाकांनी विचारलं.

"मागेच होता. येईल."

पाकांनी पाटीकडे पाहिलं. पाटी शेजारच्याच्या हातात दिली, मास्क चढवला आणि आत गेले. बऱ्याच वेळाने त्याला घेऊन आले. नंतर कळलं की तो भिंतीच्या कोपऱ्यात बसला होता, पाइप दोन्ही हातांनी उराशी धरून. बाहेरचा रस्ता त्याच्याच हातात होता, पण हलता येत नव्हतं. मी त्याला पाणी दिलं, ते त्याने सगळं सांडलं.

"मास्कच खराब असणार!" मामा ओरडले. "सरकारी माल! आमच्या माणसाला मारता काय?"

"मास्क ठीक होता," मस्रानी म्हणाला.

"मग धूर जास्त केला होता."

"मामा, धूर सगळ्यांना तेवढाच होता. मला भीती वाटली. मला बंद जागेत जाता येत नाही. दादा गेल्यापासून नाही, लहानपणापासून. मी आत जाऊ शकत नाही."

मला वाटलं, सुटला बिचारा. इतकी वर्षं जे बोलता आलं नाही ते एकदाचं बोलून मोकळा झाला.

मामा पुढे आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. "बघा! हम्दीचा भाऊ! सामानातला दोष स्वतःवर घेतोय, पाहुण्याचा अपमान नको म्हणून! एवढा मोठा माणूस, आणि जराही गर्व नाही!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मस्रानी "मामा, ऐका, मामा," म्हणत राहिला आणि त्या टाळ्यांत त्याचं कुणी ऐकलं नाही. खरं बोलून पण माणूस सुटत नसेल तर त्याने करावं तरी काय? पाक वार्सितोंनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं की याला दारावर ठेवा, आत पाठवू नका. मामा म्हणाले, "तुमच्या जावात ठेवत असतील. हम्दीचा भाऊ दारावर उभा राहिला तर पलीकडच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा हसतील." पाक दुसऱ्या दिवशी गेले. पाटी गाडीला टांगली गेली आणि तिच्यावर एकटा हम्दीचा बिल्ला गाडी हलली की वाजायचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपार उतरतानाची अस्रची नमाज नुकती झाली होती. मस्रानी कडेच्या बाकावर होता. हमसाहताई बिंगका घ्यायला आली. तिला बघून तो उठून उभा राहिला, एवढा बाप्या, शाळेत उभा केल्यासारखा.

"आई, त्या दिवशी मी खरं बोलत होतो."

"चहा पी. निवतोय."

"आई, मी नोझल परत देणार आहे. मामांशी तू बोल. तुझं ते ऐकतात."

"आणि गल्लीला काय सांगू? गाडीवर एकाचं नाव आहे आणि दुसरा पळाला?"

"पळालो असं सांग. चालेल मला."

"मला नाही चालणार," ती म्हणाली, आणि बिंगकाचे तुकडे मोजून बघायला लागली. नेहमी घेते तेवढेच होते, मोजायचं काही कारण नव्हतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. मस्रानीने आईकडे पाहिलं. ती काही बोलेल म्हणून थांबला. ती बोलली नाही. तो गेला, गाडीवर चढला, मामांनी नोझल त्याच्या हातात कोंबलं आणि गाडी निघाली. आग लांब नव्हतीच, पुलापलीकडच्या वेताच्या गोदामातून धूर दिसत होता.

हमसाहताई बाकावर बसली.

"हम्दी पण असंच म्हणाला होता," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. जेवत होता. भोंगा वाजला. म्हणाला, आई, आज नको जायला, छातीत धडधडतंय. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? मीच टोपी काढून हातात दिली." तिने पदराने तोंड पुसलं. "आता याला घरी बस म्हटलं, तर हम्दीलाही म्हणता आलं असतं ना गं? मग मी त्याला का नाही म्हटलं? म्हणून याला म्हणता येत नाही. इतकी वर्षं जीभ वळत नाही."

मला तिची दया आली आणि रागही आला. माझं तोंड वाईट, रागच आधी बाहेर पडला. "मग हे मला काय सांगतेस? मी काय दलाची प्रमुख आहे? तो अजून पुलावर असेल. ऊठ!"

ती उठली. या वयात फळ्यांवरून अशी चालली की मला टपरी उघडी टाकून तिच्यामागे पळावं लागलं.

गोदामापाशी चार-पाच दलं आली होती. पाइपांनी वाट भरली होती. आमचा पाइप दारापर्यंत गेला होता आणि दारात मस्रानी, बूट, कोट, मास्क सगळं घालून. हातात नोझल, मागे मामा. "शीर आत! पाणी शेंड्याला नाही, बुडाला मार! शीर!" मस्रानीचा एक पाय उंबऱ्यात होता आणि दुसरा उचलला जात नव्हता. धुराने भरलेलं ते दार, आणि मागून ढकलणारी सगळी गल्ली.

"जुम्बेरी!" हमसाहताई ओरडली. "त्याला आत पाठवू नकोस!"

"ताई, ही काय वेळ आहे?"

"हीच वेळ आहे! मागच्या वेळी मी घरी बसून राहिले. माझा मुलगा घाबरतो. ऐकलं सगळ्यांनी? घाबरतो! आणि हम्दी पण घाबरला होता! तो जात नव्हता, मी पाठवला!"

दुसऱ्या दलांची माणसंही वळून बघायला लागली. मामांचा चेहरा लाल झाला. गाडीवरच्या सोनेरी अक्षरांवर कुणी चिखल मारावा तसं त्यांना वाटलं असणार. त्यांनी मस्रानीच्या हातातून नोझल हिसकावलं. "मग मी जातो! आमच्या घराण्यात अजून एक पुरुष आहे!" कोटाला लावलेला स्वतःचा बिल्ला तोडून त्यांनी मस्रानीच्या अंगावर फेकला, दोन पोरं घेतली आणि आत घुसले.

मस्रानीने मास्क काढला, गाडीवरची पाटी काढून आणली आणि खाली पडलेला बिल्ला उचलून तिच्यावर लावला. त्या दोन पोरांना आतून हाक मारून बाहेर बोलावलं, त्यांचे बिल्ले घेतले, मगच परत सोडलं. मागून येणाऱ्या प्रत्येकापुढे तो हात करायचा. "बिल्ला." कुणी कुरकुरलं तर आडवा उभा राहायचा. त्याचा हात आता स्थिर होता. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

छपराचं लाकूड कडकडलं तशी त्याने शिट्टी मारली. तीनदा, म्हणजे सगळ्यांनी बाहेर या, पाकांनी शिकवल्यासारखी. माणसं बाहेर आली, खोकत, डोळे चोळत, आणि एकेकाने आपला बिल्ला काढून घेतला. थोड्या वेळाने छप्पर आत कोसळलं.

मामांचा बिल्ला पाटीवरच होता.

"मागच्या बाजूने निघाले असतील," एक पोरगा म्हणाला. "पलीकडच्या दलाच्या बोटीवर चढले असतील."

"कुणी पाहिलं?" मस्रानीने विचारलं.

"रागावून गेले असतील घरी. येतील की."

"कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. त्याने दोघांच्या कमरेला दोरी बांधली, स्वतःच्या हाताने, न आवळणारी गाठ, आणि त्यांना होडीतून मागच्या बाजूला पाठवलं. स्वतः दारावरून हलला नाही. मामा मागच्या धुण्याच्या फळीवर सापडले. कुजलेल्या लाकडातून एक पाय मांडीपर्यंत खाली गेला होता, अंगावर धूर, आणि ओरडून ओरडून घसा बसलेला. अजून थोडा वेळ गेला असता तर ती फळीही पेटली असती. त्यांना लंगडत दारापाशी आणलं. त्यांनी पाटीवरचा आपला बिल्ला काढून घेतला. भाच्याकडे बघायचं टाळलं आणि खोकत राहिले.

सूर्य खाली गेला होता. बाकीची दलं भोंगे वाजवत परतली. आमची पोरं माझ्या टपरीवर आली, मी चहा ओतला. बोलणं नेहमीसारखं मोठ्याने होत नव्हतं. मामा कोपऱ्यात पाय लांब करून बसले होते. मी ग्लास भरत गेले आणि एक उरला.

"मस्रानी कुठाय?"

"येईल" असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मी ग्लास घेतला आणि हमसाहताई माझ्याबरोबर निघाली.

तो गोदामाच्या काळ्या, ओल्या दारापुढे उभा होता. छातीशी पाटी.

"अरे, सगळे आले," मी म्हटलं. "मामासुद्धा चहा पितायत. चल ना."

"पाटी रिकामी नाही, आचिल."

मी बघितलं. वरच्या आकड्यावर तारेने बांधलेला लाल अक्षरांचा बिल्ला होता.

"तो काढ की मग."

"मला काढता येत नाही. बाहेर आलेल्यानेच काढायचा असतो." हे तो वेड्यासारखं बोलत नव्हता. अगदी शांतपणे, इंजिनात काय बिघडलंय ते सांगावं तसं सांगत होता. मला रडू आलं.

हमसाहताई त्याच्या अगदी जवळ गेली. तिने तारेला नखं लावली. तार पक्की होती, मामांनी बांधलेली. तिचं बोट कापलं, रक्त आलं. तो बघत होता, मदत करत नव्हता. शेवटी तिने दातांनी तारेचं टोक उलगडलं, आणि बिल्ला तिच्या हातात आला.

"हम्दी बाहेर आला," ती म्हणाली. "मीच त्याला आत ठेवला होता. तुलाही."

मस्रानीने पाटीकडे पाहिलं. सगळे आकडे रिकामे होते. मग त्याचा पाय हलला आणि तो दारापासून वळला.

मी ग्लास पुढे केला. चहा निवून गेला होता. त्याने तो एका हाताने घेतला आणि तिथेच, उभ्या उभ्या, सगळा संपवला.